खालचा कप्पा

आमच्या भावोजींना कोणी 'चाय पिऊन घ्या' म्हटलं, की ते कपाला हात लावायचे नाहीत. आधी वाक्य दुरुस्त व्हायचं, मग चहा. "पिऊन घ्या म्हणजे काय, काढा आहे का?" असं विचारायचे. तोवर चहावर साय धरायची, आणि तो गार चहा ते लढाई जिंकल्यासारखे संपवायचे. पाहुण्याला वाटे हे चेष्टा करताहेत. चेष्टा नव्हती, माणूस मनापासून बोलत होता.

भावोजी म्हणजे श्रीनाथ आगाशे, माझ्या चुलतबहिणीचे, मीराताईचे यजमान. मूळचे वाईचे. बँकेच्या नोकरीत बदली होऊन उज्जैनला आले, लग्न इथलंच झालं, आणि मग नानाखेड्याला घर बांधून इथलेच झाले. इथलेच म्हणजे पत्त्यानं. जिभेनं ते शेवटपर्यंत वाईतच राहिले.

आम्ही पोतनीस मात्र इथलेच. आमचे कोणी पूर्वज शिंद्यांच्या पदरी होते म्हणतात. तेव्हापासून महाराष्ट्र आम्ही पाहिला तो लग्नाकार्यापुरता. मी आणि मीराताई एकाच घरात वाढलो, रामघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत, भाड्याच्या खोल्यांमध्ये. माझी आई मी लहान असतानाच गेली, त्यामुळे मीराताईची आई, माई, तीच माझीही आई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं माईच्या बोलण्याविषयी आहे.

माईचं बोलणं अर्धं दरबारातलं होतं आणि अर्धं बाजारातलं. तिच्या अंधाऱ्या स्वयंपाकघराला ती मुदपाकखाना म्हणायची. माठ ठेवायचा कोनाडा होता, तो आबदारखाना. लुगडी ठेवायची पत्र्याची पेटी, तो जामदारखाना. दरबार गेला, मानपान गेले, नावं तेवढी आमच्याकडे राहिली होती. आणि त्याच तोंडानं ती म्हणायची, "जयू, बाहेर पाणी पडून राहिलंय, घागर खाली आहे, भरून घे." आम्हाला यातलं काहीही चुकीचं वाटत नव्हतं. भावोजी घरात आले आणि आम्हाला कळलं, की आपण जन्मापासून चुकत आलो आहोत.

'खाली' या शब्दावर त्यांचा विशेष राग. एकदा मुलं जमली होती. त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला टेबलाच्या पायाशी ठेवला आणि विचारलं, हा पेला कसा आहे? मुलं म्हणाली, भरलेला. "भरलेला आहे, आणि खाली आहे," भावोजी म्हणाले. "टेबलाच्या खाली. ज्यात काही नाही तो रिकामा. खाली ही जागा आहे, अवस्था नव्हे." मुलं हसली. मीपण हसले, आणि त्या दिवसापासून मी घागर खाली आहे असं कधी म्हणाले नाही.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मी मुलींच्या हिंदी शाळेत शिकवायची. दिवसभर हिंदी बोलून संध्याकाळी भावोजींसमोर शुद्ध मराठी बोलायची माझी मला ऐट वाटे. पुण्याच्या एका लग्नात कोणी तरी म्हणालं, तुम्ही उज्जैनच्या वाटत नाही. ते वाक्य मी परतीच्या गाडीत दोनदा भावोजींना सांगितलं.

मीराताई वेगळी होती. ती वाद घालायची नाही आणि ऐटही करायची नाही. ते दुरुस्त करायचे, ती हसून दुरुस्त बोलायची, आणि पुढच्या खेपेला पुन्हा आपलंच. काही शब्द मात्र तिनं त्यांच्यासाठी खरोखर सोडले. पोळ्या झाल्या की परातीत थोडी कणीक उरते. त्या कणकेची मीराताई एवढीशी शेवटची पोळी करून, तूप लावून त्यांच्या पानात वाढायची. त्या पोळीला आमच्या घरात एक शब्द होता. भावोजी म्हणाले, हिला चानकी म्हणतात, माझी आई म्हणायची. मीराताई म्हणाली, बरं, चानकी. मग ती रोज चानकीच म्हणत असे.

बँकेत पहिल्यांदा संगणक आला, तेव्हा हेच भावोजी युनियनच्या लोकांबरोबर दारात उभे राहून घोषणा देत होते. मशीन माणसाच्या पोटावर येईल म्हणायचे. चार वर्षांत असे काही बदलले, की निवृत्त झाल्यावर पहिली खरेदी केली ती संगणकाची. त्या वर्षांत सगळं शहरच बदलत होतं. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ निघाले होते, गच्चीगच्चीवरून केबलची वायर लोंबत होती. भावोजींनी मराठी उमटावं म्हणून यंत्रात वेगळं कार्ड बसवून घेतलं. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर 'श्री' उमटलं, त्या दिवशी त्यांनी आम्हाला पेढे दिले. त्यात काय लिहिणार, हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. वीजबिलाचे हिशेब लिहीत बसायचे.

पुढच्याच वर्षी मीराताई गेली. पोटाचं दुखणं होतं. इंदूरला नेलं, आणलं, आणि ती गेली. मी त्या दिवसांचं काही लिहीत नाही, लिहवत नाही.

त्यानंतर त्या घरात शुद्ध मराठीचं राज्य झालं. भावोजी एकटे, आणि लेकीमागे जावयाकडेच राहिलेली माई. माई बोलायचीच बंद झाली होती, त्यामुळे चुकणारं कोणी उरलं नव्हतं. एके दिवशी मी तिथे होते. माई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि फार दिवसांनी बोलली, "श्रीनाथराव, घागर खाली होऊन राहिली." मला वाटलं आता दुरुस्ती होणार. भावोजी खुर्चीत माईकडे वळले. मग म्हणाले, "माई, पुन्हा म्हणा." तिनं पुन्हा म्हटलं. त्यांनी चष्मा काढला आणि रडले. आवाज अगदी मीराताईचा नव्हता, पण वाक्य तिचं होतं, शब्दाशब्दानं तिचं.

तेव्हापासून संगणकाला काम मिळालं. माई बोलेल ते उतरवून घ्यायचं, आणि त्याखाली, मीरा हे कसं म्हणायची, ते लिहायचं. सुरुवातीला त्यांनी माईला शेजारी बसवून 'शब्द सांगा' म्हटलं. माई पदर सावरून गप्प बसली. असे शब्द मागून कोणी देतं का? मग ते शहाणे झाले. माई भाजीवाल्याशी भांडत असली, की हे दारामागे उभे. तिथून तडक आतल्या खोलीत, संगणकाच्या कळा बडवायला. चपला पायातच असायच्या. माई मला म्हणायची, "माझं काय काय लिहून राहिलेत, पत्ता नाही." ते वाक्यही त्यात गेलं.

मला एकदोनदा विचारलं त्यांनी. घंगाळाच्या बाजूची ती वस्तू, तिला तुम्ही काय म्हणायचात? मी सांगितला तो त्यांचाच शुद्ध शब्द. ते ऐकून हसले. "तू बिघडलीस जयू. फार शुद्ध बोलतेस. तू कामाची नाहीस." मला तेव्हा ती शाबासकीच वाटली.

मी त्यांना सांगितलं होतं, की हे कागदावर काढून ठेवा. ते म्हणाले, नाही. "कागद दिसला की माझा हात लाल पेनाकडे जातो. मी हे दुरुस्त करून टाकीन. पडद्यावर हात चालत नाही, तिथेच राहू दे." एका फ्लॉपीवर सुरुवातीचं थोडं उतरवलं होतं म्हणे. बाकी सगळं यंत्रात. यंत्राच्या डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. पण सी-डी म्हणतील तर ते भावोजी कसले. यादीत सी वर दिसतो आणि डी त्याच्याखाली, म्हणून एक वरचा कप्पा आणि एक खालचा कप्पा. वरच्यात यंत्राचं स्वतःचं सामान. माई आणि मीराताई खालच्या कप्प्यात.

माई अठ्ठ्याण्णवच्या थंडीत गेली. शेवटच्या दिवसांत तिला फार बोलवत नव्हतं, तरी भावोजी उशाशी बसून असायचे. ती गेल्यावर म्हणाले, आता यात भर पडणार नाही, आता याचं पुस्तक करू. आमच्या मराठी मंडळानं छापायचं कबूल केलं. भावोजींनी प्रस्तावना लिहिली, तेवढी मात्र कागदावर काढून इंदूरच्या छापखान्याला नमुना म्हणून पाठवली. छापखान्याचं उत्तर आलं, की कागद पाहिला, पण तुमच्या जुन्या पद्धतीच्या फाइली आमच्याकडे उघडणार नाहीत. यंत्रावर नवं विंडोज घाला, मजकूर त्यातल्या मराठीत आणा, मग पाठवा. फ्रीगंजात पोरवाल म्हणून एकाचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. बायकोमुलांचा, देवभोळा माणूस. दुकान उघडताना यंत्रांना उदबत्ती दाखवायचा. त्यानं तपासून सांगितलं, की यंत्र म्हातारं आहे, पण मेमरी वाढवली तर अठ्ठ्याण्णवचं विंडोज चालेल. टेम्पोतून यंत्र त्याच्याकडे गेलं. भावोजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, आणि सारखे वळून मागे बघत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. फोन वाजला. भावोजींचा एक कान तेव्हा अधू झाला होता, आणि लाइन खरखरत होती. पोरवाल काय बोलत होता, ते मला पुढे त्याच्याच तोंडून कळलं. तो म्हणत होता, की नवं विंडोज छोट्या भागात मावत नाही, दोन्ही भाग पुसून एक करावे लागतील. आत तुमच्या कामाचं काही आहे का? भावोजींना वाटलं, तो विचारतोय की तुमचं काम कुठल्या भागात आहे. मी ऐकलं ते त्यांचं उत्तर. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "ऊपर कुछ नहीं है, भाई. अपना सब खाली है."

पलीकडून पोरवालनं पुन्हा विचारलं असावं, कारण भावोजींनी पुन्हा तेच सांगितलं. सब खाली है. मग 'सँभाल के करना' म्हणून फोन ठेवला आणि मला म्हणाले, "बरं झालं विचारलं. वरचं पुसेल, खालचं राहील."

मी त्यांच्यासमोर बसले होते. मी उज्जैनची. 'खाली' म्हणजे रिकामं, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले होते. भावोजी वाईचे, ते चुकले तर समजण्यासारखं आहे. मी कशी ऐकत राहिले? मला ते वाक्य खटकलंच नाही. इतकी वर्षं मला दुरुस्त करून करून त्यांनी माझा कानही वाईचा करून टाकला होता. त्यांना म्हणायचं होतं तेच मी ऐकलं, आणि मान डोलावली.

यंत्र घरी आलं. सुरू केल्यावर रंगीत पडदा, ढग, संगीत. भावोजींनी कौतुकानं पाहिलं आणि खालचा कप्पा शोधायला लागले. यादीत सी होता. त्याखाली काही नव्हतं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला बोलावून पाहायला लावलं. मग मीच पोरवालला फोन केला, आणि तो स्कूटरवरून लगेच आला.

त्याला काय झालं ते समजायला वेळ लागला. समजलं, तसा तो खुर्चीच्या कडेवर बसला. त्यानं काही लपवलं नाही. डी भागात काही तरी भरलेलं दिसत होतं, म्हणूनच फोन केला होता, म्हणाला. फाइलींची नावं त्याला कळेनात. "अंकल, मैंने दो बार पूछा था. आपने ही तो बोला, सब खाली है."

भावोजींनी तोंड उघडलं. जन्मभर जे केलं तेच करायला उघडलं होतं, मला दिसलं. खाली ही जागा आहे, अवस्था नव्हे. पण पोरवाल हिंदी बोलणारा होता, फोन हिंदीत झाला होता, आणि हिंदीत ते वाक्य अगदी शुद्ध होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं.

पोरवालनं हात झटकले नाहीत, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. ती फ्लॉपी लावून पाहिली. यंत्र नुसतं करकरत राहिलं. मग डिस्क काढून, रुमालात बांधून तो स्वतः बसनं इंदूरला घेऊन गेला. तिथले म्हणाले, जुन्या मजकुरावर नवं लिहिलं गेलंय, आता काही निघणार नाही. त्यानं महाकाळाला अभिषेकही केला, आणि तो प्रसाद भावोजींना आणून दिला. भावोजींनी तो दोन्ही हातांनी घेतला. त्याच्यावर ते एकदाही चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

छापखान्याकडून प्रस्तावना परत आली. एवढंच काय ते उरलं. मी ती वाचली. प्रमाण मराठी, एक ऱ्हस्व-दीर्घ इकडचं तिकडे नाही. 'माझ्या दिवंगत पत्नीच्या बोलीचे हे संकलन' अशी सुरुवात, आणि त्या आख्ख्या मजकुरात तिचा एक शब्द नाही.

काही दिवस त्यांनी आठवून पाहिलं. नव्या पडद्यासमोर बसायचे, पण लिहायला लागले की वाक्य आपोआप सरळ व्हायचं. ज्यांच्याकडे जुने शब्द असतील अशा घरी मी त्यांना नेलं. भेरूगढला एक म्हातारी होती, छापील चादरींच्या व्यापाऱ्याकडे दिलेली आमच्यातलीच. ती आता सगळं हिंदीतच बोलायची. तिच्या सुनेनं आम्हाला चहा दिला. "पिऊन घ्या," म्हणाली. भावोजींनी तो मुकाट्यानं पिऊन घेतला. त्यानंतर ते कोणाकडे चला म्हणाले नाहीत.

ते कोणालाच दुरुस्त करेनासे झाले. कॉलनीतली मुलं मुद्दाम त्यांच्यासमोर येऊन 'आजोबा, ग्लास खाली आहे' म्हणायची. ते नुसती मान हलवायचे. मुलांची मजा गेली, मुलं येईनाशी झाली.

मी अधूनमधून जाऊन त्यांचा स्वयंपाक करत असे. त्या दिवशी पोळ्या झाल्या, परातीत थोडी कणीक राहिली. मी तिची लहानशी पोळी केली, तूप लावलं आणि त्यांच्या पानात वाढली. ते तिच्याकडे पाहत राहिले.

"हिला मीरा काय म्हणायची?"

"चानकी," मी म्हटलं.

"ते मी शिकवलेलं. माझ्या आईचा शब्द आहे तो," ते म्हणाले. "तिचा तिचा काय होता? तुमच्या घरातला?"

मी हातात उलथनं घेऊन उभी राहिले. त्या एवढ्याशा पोळीसाठी मी आणि मीराताई रोज भांडलो होतो. तो शब्द ओरडत मी त्या गल्लीतून घरात धावत आले होते. माई अर्धी तिला, अर्धी मला करून द्यायची आणि देताना तोच शब्द म्हणायची. माईचा हात मला दिसत होता, तुपाचा वास येत होता, आणि शब्दाच्या जागी चानकी येत होतं. पुन्हा पुन्हा चानकीच.

"आठवून राहिले आहे, भावोजी," मी म्हटलं. मुद्दाम तसं म्हटलं. वाटलं, जुन्या वाटेनं गेलं तर सापडेल. माझ्याच तोंडात ते वाक्य नाटकातल्यासारखं वाटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दुरुस्त केलं नाही.

"राहू दे, जयू," ते म्हणाले. पोळीचे दोन तुकडे केले, एक माझ्यासमोर सरकवला, आणि आम्ही दोघांनी ती खाल्ली.